गाठीवरचा क्यूआर आणि त्यामागचा ढीग

1870 साली व्हाइसरॉय लॉर्ड मेयो खामगावात आले, ते कापसासाठी. जलंब ते खामगाव हा जेमतेम 13 किलोमीटरचा रेल्वेफाटा त्यांच्या हस्ते सुरू झाला आणि वऱ्हाडचा कापूस रुळांवरून मुंबई बंदराकडे निघाला. त्याच वर्षी जूनमध्ये मुंबई–लंडन समुद्री तारही जोडली गेली. माल पोहोचायला कित्येक आठवडे लागत; लिव्हरपूलचा भाव मात्र तारेने झटकन येई. तारयंत्र कुठल्याही कंपनीचे असो, संकेत सगळीकडे ठरलेलेच होते, म्हणून हे जमले.

जिनिंग-प्रेसिंगच्या कारखान्यात आजही अडते ते नेमके या ठरलेल्या संकेतांपाशीच.

ट्रॅक्टर वजनकाट्यावर चढतो, काट्याचा संगणक पावती छापतो. कापसात ओलावामापक खुपसला की त्याच्या पडद्यावर टक्केवारी उमटते. डबल रोलर जिनमध्ये सरकी खाली पडते, रुई प्रेसकडे जाते आणि साधारण 170 किलोची गाठ बांधून बाहेर येते. पुढे नमुना प्रयोगशाळेत गेला की धाग्याची लांबी, मजबुती, तलमपणा असे आकडे वेगळेच यंत्र देते. यंत्रे सगळी इलेक्ट्रॉनिक, पण एकाचे दुसऱ्याला कळत नाही. मग मुनीमजी आकडे वहीत उतरवतात आणि संध्याकाळी कुणीतरी तेच संगणकात भरतो. 8.9 चे 9.8 व्हायला कितीसा वेळ लागतो?

ही चूक स्वस्तातली नाही. 2025-26 च्या हंगामात लांब धाग्याच्या कापसाचा हमीभाव क्विंटलला 8110 रुपये. तो 8 टक्के ओलाव्यापर्यंत. त्यापुढे दर टक्क्याला भावात एक टक्का, म्हणजे 81 रुपये कपात. 12 टक्क्यांच्या वर तर भारतीय कापूस महामंडळ माल घेतच नाही.

यंत्रांना एकमेकांशी जोडायची सोय जगाने केव्हाच केली आहे. 1979 सालचा मॉडबस आजही कारखान्यांत चालतो, पण तो नुसता आकडा पोचवतो. नंतर आलेले ओपीसी यूए हे मानक आकड्याबरोबर त्याची ओळखही धाडते: हा ओलावा आहे, टक्क्यांत आहे, अमुक यंत्राने अमुक वेळी मोजला. मग काटा एका कंपनीचा आणि प्रेस दुसरीची असली तरी बिघडत नाही.

गाठ कुठून आली हे कळावे म्हणून महामंडळाने गाठींवर क्यूआर लावून ब्लॉकचेनवर नोंद ठेवायला सुरुवात केली आहे. कस्तुरी कॉटन भारत या प्रमाणित रुईची गाठही तशीच शोधता येते. शेतकऱ्यांसाठी 2025 मध्ये कपास किसान अॅप आले. नोंदणी आणि विक्रीची वेळ मोबाइलवरच. शिवाय युरोपीय संघाचा 2024 चा कायदा कपड्यांनाही डिजिटल पासपोर्ट, म्हणजे मालाच्या माहितीची नोंद, लावू पाहतो आहे, तेव्हा गिरण्या ही माहिती मागणारच.

पण ब्लॉकचेन नोंद बदलू देत नाही एवढेच. मुळात चुकीची भरलेली नोंद ती दुरुस्त करत नाही. आणि खरी गोची जिनच्या आवारात आहे. तिथे पाच-पन्नास शेतकऱ्यांचा कापूस एकाच ढिगात पडतो. गाठीवरून कारखाना सापडेल, खरेदी केंद्र सापडेल. शेत कसे सापडणार? त्यासाठी छोटे ढीग वेगवेगळे जिनमधून काढावे लागतील, दोन ढिगांच्या मध्ये यंत्रे रिकामी ठेवावी लागतील. ऐन हंगामात, दारात ट्रॅक्टरांची रांग असताना, त्या थांबलेल्या वेळेचे पैसे जिनवाला स्वतःच्या खिशातून घालणार नाही.