तीस सेकंदांचं दुकान

पुण्याच्या कसबा पेठेतल्या तांबट आळीत दुकान दिसायच्या आधी ऐकू येतं. मठारकाम चालू असतं. तांब्याच्या भांड्यावर हातोडीचे शेजारी शेजारी ठोके पडत जातात. त्यानं पत्रा कडक होतो आणि अंगावर चमकत्या टिकल्यांची नक्षी उमटते. अशाच एका दुकानाची तीस सेकंदांची जाहिरात करायला माझा मित्र निघाला, तेव्हा उजेड परतवायचा थर्माकोल धरायला म्हणून मीही गेलो. मित्राचा मूळ धंदा लग्नाच्या शूटिंगचा. मुहूर्त संपले की तो दुकानांच्या जाहिराती करतो. बजेट पंधरा हजार. कॅमेरा त्याचाच, एक पोऱ्या मदतीला, आणि मी चहावर.

मालकांची कल्पना भव्य होती. वर ड्रोन, खाली शनिवारवाडा, मग आजोबांचा फोटो, मग पन्नास प्रकारची भांडी, शेवटी सगळं कुटुंब हात जोडून. मित्रानं मान डोलावली आणि विचारलं, "काका, गिऱ्हाईक दुकानात आलं की पहिल्यांदा हात कशाला लावतं?" काका म्हणाले, "हंड्याला." तिथंच जाहिरात ठरली. थोड्या पैशांत काम करणाऱ्यांची खरी मेहनत अशी कॅमेरा पिशवीतून निघण्याआधीच होते. तीस सेकंदांत मराठी निवेदन ६०-७० शब्दांच्या वर गेलं की बोलणारा धापा टाकायला लागतो. पन्नास भांडी त्यात बसवायची म्हणजे एसटीच्या शेवटच्या गाडीत वऱ्हाड कोंबणं.

तांबं हे चित्रीकरणाच्या दृष्टीनं महाडांबिस. हंड्यावर कॅमेरा लावला की हंड्यात कॅमेरावाला, मी, माझा थर्माकोल आणि समोरची स्कूटर, सगळे पोट सुटल्यासारखे दिसायला लागलो. त्यावरचा इलाज म्हणजे पांढरी चादर. हंड्याभोवती चादरीचा तंबू केला, बाहेरून उजेड मारला आणि कॅमेऱ्यापुरती फट ठेवली. मग तांब्यात फक्त पांढरं मऊ आकाश उरलं. चादर मालकांच्या घरची. खाण्याच्या दुकानात वेगळी अडचण असते. वाफ समोरच्या उजेडात दिसतच नाही. दिवा मागे आणि पार्श्वभूमी काळपट ठेवली तरच मिसळीच्या वाटीवरून वर जाणारी रेघ सापडते.

दुकानातल्या ट्यूबलाइटची भानगड बहुतेकांना ठाऊक नसते. आपल्याकडची वीज ५० हर्ट्झची, म्हणून असे दिवे सेकंदाला १०० वेळा मंद-तेज होतात. डोळ्याला ते कळत नाही, कॅमेऱ्याला कळतं. मोबाइल बहुधा सेकंदाला ३० चित्रं टिपतो. त्याचा आणि विजेचा ताल जुळत नाही आणि भिंतीवर काळे पट्टे सरकायला लागतात. सेकंदाला २५ चित्रं आणि शटर १/५० ठेवलं की पट्टे जातात. ज्या जाहिरातीत मिठाईचं दुकान थरथरताना दिसतं, तिथं फुकटात होणारी ही एक गोष्ट राहून गेलेली असते.

पण माझं मत विचाराल, तर स्वस्त जाहिरात चित्रापेक्षा आवाजात पडते किंवा तरते. जरा धूसर चित्र माणूस चालवून घेतो, घुमणारा आवाज नाही. म्हणून पहिला खर्च कॉलर माइकचा. नंतर पंखा बंद, फ्रीज बंद. फ्रीज बंद केला की आवाजवाले त्यात गाडीची किल्ली ठेवतात, म्हणजे तो पुन्हा चालू केल्याशिवाय घरी जाता येत नाही. हा शहाणपणा मित्राला एका डेअरीत आला. तिथं तो किल्ली ठेवायला विसरला, आणि त्या कामाच्या पैशांतले काही हजार वितळलेल्या आइस्क्रीमपोटी गेले.

ही आवाजाची श्रद्धा आजची नाही. १ नोव्हेंबर १९६७ ला विविध भारतीवर मुंबई, पुणे आणि नागपूर इथून जाहिराती सुरू झाल्या, तेव्हा विकणाऱ्यांकडे फक्त आवाजच होता. दूरदर्शनवर त्या १ जानेवारी १९७६ ला आल्या. आणि स्वस्तात मस्त म्हणायचं तर लिज्जत पापड आठवावा. १९५९ साली गिरगावात सात बायकांनी ८० रुपये उसने घेऊन सुरू केलेला उद्योग. त्यांच्या जाहिरातीतला ससा घडवला तो अर्धवटरावांना बोलतं करणाऱ्या रामदास पाध्ये यांनी. नट नाही, नटी नाही, परदेशातला डोंगर नाही. एक बाहुला आणि पापडाची कुरकुर. तेवढ्यावर आमची अख्खी पिढी पापड मागत मोठी झाली.

मधल्या काळातलं केबलवाल्याचं युगही विसरू नये. पडद्याच्या तळाला सरकणारी पट्टी, आणि रात्रीच्या पिक्चरमध्ये तालुक्याच्या साडी सेंटरची हलती कॅसेट. जुलै २०२० मध्ये भारतात रील्स आले तेव्हा ते साडी सेंटर आडव्या पडद्यावरून उभ्या पडद्यावर गेलं, एवढंच. आता चौकट ९:१६. हंडा तिच्यात छान बसतो, दुकानाची लांबलचक पाटी बसत नाही. मालकांना हे पटवायला दोन चहा लागले.

संकलनाला बसल्यावर मराठी माणसाचं खास दुखणं सुरू होतं. बरेच लोक आवाज बंद ठेवून बघतात, म्हणून अक्षरं हवीत. आणि काही सॉफ्टवेअरांना देवनागरी झेपत नाही. पहिली वेलांटी अक्षर सोडून पलीकडे जाऊन बसते, जोडाक्षराचे पाय मोडतात. त्यात 'ल' आणि 'श' हिंदी वळणाचे आले की पेठेतलं गिऱ्हाईक नाक मुरडतं. मुंबईच्या 'एक टाइप' या संस्थेचे मुक्त, बलू यांसारखे फॉन्ट फुकट मिळतात, म्हणून निदान आता तक्रारीला जागा कमी आहे. संगीताचंही तेच. गाजलेलं गाणं उचललं की हक्कदाराची नोटीस येऊ शकते. तरीही दर दुसरा मालक 'झिंगाट' मागतो.

आमच्या काकांनी आणखी एक वाक्य मागितलं होतं: तांब्यातलं पाणी प्यायल्यानं मधुमेह बरा होतो. मित्रानं ते ठामपणे कापलं. औषधं आणि जादुई उपायांच्या जाहिरातींवरचा १९५४ चा कायदा आहे, मधुमेह त्याच्या यादीत आहे, आणि पंधरा हजारांत वकील बसत नाही.

तयार झालेली जाहिरात दाखवायला आम्ही पुन्हा आळीत गेलो. मालक खूश. लोगो थोडा मोठा करा म्हणाले, ते सगळेच म्हणतात. मग त्यांनी मोबाइल आत नेऊन जाहिरातीत मठारकाम करताना दिसणाऱ्या कारागिरांना दाखवला. त्यांनी हातोडी न ठेवता एकदा बघितलं, मग डोळे मिटून नुसतं ऐकलं.

"चित्र माझं आहे," ते म्हणाले, "पण ठोके माझे नाहीत."

खरंच नव्हते. त्यांच्या ठोक्यांवर मोटरसायकल गेली होती, म्हणून मित्रानं पलीकडच्या कारखान्यातला स्वच्छ आवाज बेमालूम चिकटवला होता. बेमालूम, असं आम्हाला वाटलं होतं. मित्र काही बोलला नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी सातला, आळीत गाड्या सुरू व्हायच्या आत, तो एकटा माइक घेऊन गेला. त्या फेरीचे पैसे त्यानं बिलात लावले नाहीत.