रायफल अडते तेव्हा

बारामती-इंदापूरच्या बागायतीत, निवडणूक आटोपून ठाण्यात जमा केलेली परवान्याची हत्यारे रीतसर पावतीवर परत मिळाली, म्हणजे कित्येक आठवडे पडून राहिलेली .२२ ची अर्धस्वयंचलित रायफल कित्येकदा पहिल्या दोन-चार बारांतच अडते, आणि मालक काडतुसाला बोल लावतो. वस्तुतः दोष बहुधा मळाचा असतो. पुंगळीच्या मागे रेटण्याच्या अल्प बलावरच बोल्ट चालत असल्यामुळे, घट्ट झालेले जुने तेल, शिशाच्या गोळीवरील मेण आणि चेंबरमधली काजळी एवढ्यानेही त्याची गती अपुरी पडून रिकामी पुंगळी तोंडाशीच आडवी सापडते.

नळी निर्धोक दिशेस, मॅगझिन बाहेर, चेंबर स्वतःच्या डोळ्यांनी रिकामे पाहिलेले, हा क्रम मोडू नये. बार न उडाल्यास निदान अर्धा मिनिट थांबावे. मग पितळी तारांच्या कुंचल्याने चेंबर घासावे, पुंगळी ओढणाऱ्या आकडीखालचा काळा थर दातकोरणीने काढावा (हे काम सहसा कोणी करीत नाही), आणि तेल थेंबभरच द्यावे. मॅगझिनचे वाकलेले ओठ पकडीने सरळ करण्याचा मोह मात्र आवरावा. १९५९ च्या शस्त्र अधिनियमान्वये बंदुकांच्या दुरुस्तीचा धंदा परवाना असलेल्या कारागिराचाच.