स्पेनची रेड, कोकणच्या नजरेतून

कातळात सुरुंग लावून खड्डा घ्यायचा, बाहेरून माती आणून भरायची आणि मग हापूसचं कलम लावायचं, हे रत्नागिरीकराला कुणी शिकवायला नको. त्यामुळे स्पेनची रेड वाईन आपल्याला चटकन कळावी. कॅटलोनियातल्या प्रियोरातच्या डोंगरउतारांवर पायाखाली काळपट स्लेट दगड, माती जेमतेम. गार्नाचा आणि कारिन्येनाच्या जुन्या वेलींची मुळं या दगडाच्या फटींतून ओल शोधत खोल उतरतात. घड थोडेच धरतात, पण रस असा दाट की घोट जिभेवर रेंगाळतो. माझ्या मते स्पेनची सगळ्यात दमदार रेड हीच.

आता पाऊस. रत्नागिरीत वर्षाला 3,000 मिलिमीटरच्या वर. आग्नेय स्पेनमधल्या हुमियात जेमतेम 300. आपल्याकडे जुलैत एवढा आठ-दहा दिवसांत कोसळतो! तिथली जाड सालीची मोनास्त्रेल तेवढ्यावर वर्ष काढते. आपल्या दमट हवेत मात्र केवडा आणि भुरी तिला उभी राहू देणार नाहीत.

स्पेनची लाडकी जात म्हणजे लवकर पिकणारी तेंप्रानियो. रिबेरा देल दुएरोत ती साधारण 750 ते 900 मीटर उंचीवर वाढते. दिवसाचं कडक ऊन दाण्यात साखर भरतं, रात्रीचा गारठा आंबटपणा टिकवतो.

ही तेंप्रानियो सह्याद्रीपलीकडे कधीच येऊन पोचली आहे. नाशिकच्या दिंडोरी तालुक्यात चारोसा या वायनरीने तिची वाईन काढली. आपल्याकडे थंडीत वेल झोपत नाही, म्हणून एप्रिलात खरड छाटणी आणि पावसाळा सरताना फळछाटणी. छाटण्या दोन, पीक एकच, तेही जानेवारी ते मार्चमध्ये. स्पेनमध्ये तोडणी सप्टेंबर-ऑक्टोबरात.

स्पेनच्या रिओहा भागातल्या बाटलीवर ‘क्रियान्सा’ दिसलं तर ती किमान दोन वर्षं मुरलेली, त्यातलं एक वर्ष ओकच्या पिंपात. ‘ग्रान रेसेर्वा’ म्हणजे पाच वर्षं. व्हॅनिलासारखा वास येतो तो अमेरिकन ओकचा.

बांगड्याच्या तिखल्याबरोबर तुरट रेड नको, तोंडात लोखंडी चव येते. कोंबडी-वड्यांबरोबर ताजी गार्नाचा घ्या. आणि रेड ‘घरच्या तापमानाला’ प्यावी हा सल्ला कोकणात लागू नाही: तिला 16 ते 18 अंश लागतात, तेव्हा बाटली आधी फ्रिजमध्ये ठेवा.