स्टिअरिंगचा प्ले आणि घसा बसलेला हॉर्न

जुन्या टाटा ४०७चा मालक गॅरेजात येतो तो रोग आणि औषध दोन्ही ठरवूनच. स्टिअरिंग लूज झालंय, बॉक्स टाइट करा. हॉर्नचा घसा बसलाय, नवा टाका. ही दोन्ही औषधं शेवटच्या पायरीची. प्ले काय किंवा वाटेत गळणारा करंट काय, तो एकाच जागी क्वचित असतो. जोडाजोडात थोडाथोडा साठतो आणि शिक्षा मात्र बॉक्सला नि हॉर्नला होते. ४०७ बाजारात आली १९८६ साली. पॉवर स्टिअरिंग नसलेले तिचे जुने नग अजून विटा, भाजी, खताची पोती वाहतायत. पुढचं सगळं त्यांच्यासाठी. पुढे अखंड अ‍ॅक्सल आणि पाटे असलेल्या इतर जुन्या ट्रकलाही क्रम हाच.

आधी प्ले मोजा. गाडी सपाट जागी उभी करा, पुढची चाकं सरळ, हँडब्रेक ओढलेला, मागच्या चाकांना लाकडी ठोकळे. डॅशबोर्डला एक तार बांधून तिचं टोक स्टिअरिंगच्या कडेजवळ आणा. पुढचं चाक डावीकडे हलू लागेपर्यंत स्टिअरिंग फिरवा, खडूची खूण करा; तसंच उजवीकडे. दोन खुणांमधलं अंतर म्हणजे तुमचा प्ले. केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ मधला ९८वा नियम ३० अंशांपर्यंत सूट देतो. ४५ सेंटिमीटर व्यासाच्या स्टिअरिंगवर हे जवळजवळ १२ सेंटिमीटर झाले. पासिंगपुरतं ते चालेल, पण इतका हात फिरेपर्यंत चाक हलत नसेल तर ती गाडी कसारा घाटात न्यायच्या लायकीची नाही. मी त्याच्या निम्म्यालाच गाडीखाली झोपतो.

झोपताना गाडी जॅकवर घ्यायची नाही. टायरवर वजन हवं, म्हणजे चाक अडून राहतं आणि जोडातली ढिलाई उघडी पडते. वर बसलेल्या माणसानं स्टिअरिंग थोडंसं डावी-उजवीकडे हलवत राहायचं. खालच्यानं प्रत्येक जोडावर बोट आडवं ठेवायचं, अर्धं एका भागावर, अर्धं दुसऱ्यावर. जोड घट्ट असेल तर दोन्ही भाग बोटाखाली एकदम सरकतात. झिजलेला असेल तर आधी एक सरकतो, मग दुसरा, आणि मधला बारीकसा ठोका बोटाला लागतो. डोळ्याला न दिसणारा प्ले बोटाला कळतो.

वरून खाली या. स्टिअरिंगचा नट आणि स्प्लाइन, कॉलमचा वरचा बुश, खालचा क्रॉस किंवा रबरी कपलिंग, मग बॉक्सचे चेसिसवरचे बोल्ट. हे बोल्ट बघायला लोक हमखास विसरतात. बॉक्सच चेसिसवर हलत असेल तर आतलं कितीही टाइट केलंत तरी फरक पडणार नाही. पुढे ड्रॉप आर्म, ड्रॅग लिंकची दोन्ही टोकं, टाय रॉडचे एंड. एंडची रबरी टोपी फाटलेली असेल तर आत धूळ-पाणी शिरून ग्रीस संपलेलं समजा. टोपी शाबूत असावी हेही त्याच ९८व्या नियमात आहे.

किंग पिनसाठी मात्र गाडी उचलावी लागते. अ‍ॅक्सलखाली भक्कम स्टँड द्या, टायर वर आणि खाली धरून हलवा. ढिलाई लागली तर दुसऱ्याला ब्रेक दाबायला सांगा. ब्रेक दाबल्यावर ती नाहीशी झाली तर दोष चाकाच्या बेअरिंगचा, तशीच राहिली तर किंग पिन-बुशचा. या एका परीक्षेनं बरेच बुश विनाकारण ठोकून काढायचे वाचतात.

नवा एंड बसवल्यावर कॅसल नटचं भोक जुळलं नाही तर नट पुढे आवळून जुळवा, मागे सैल करून नाही. स्प्लिट पिन नवीच घाला आणि अलाइनमेंट करून घ्या. झिजलेल्या एंडला वेल्डिंगचा टाका मारून देणाऱ्याकडे पुन्हा जाऊ नका. स्टिअरिंगच्या भागांना वेल्डिंग नको आणि गॅसनं तापवणंही नको.

आता बॉक्स. ऑइल आहे का बघा. नसेल तर सील गळतंय. वरच्या कव्हरावर अ‍ॅडजस्टिंग स्क्रू आणि त्याचा लॉक नट असतो. सेटिंगपूर्वी ड्रॉप आर्मपासून ड्रॅग लिंक सोडवा. स्टिअरिंग या टोकापासून त्या टोकापर्यंत फिरवून फेरे मोजा आणि बरोबर निम्म्यावर आणा. आतले दाते मुद्दाम असे काढलेले असतात की सरळ चालीत ते सर्वांत घट्ट बसावेत आणि दोन्ही बाजूंना थोडे सैल. म्हणून सेटिंग मध्यावरच. बाजूला वळवून प्ले काढलात तर मध्यावर बॉक्स आवळला जातो, वळण संपल्यावर स्टिअरिंग आपोआप सरळ होत नाही, आणि आतले छर्रे वर्मचे मार्ग खायला लागतात. मध्यावर प्ले गेला आणि बाजूला जड लागू लागलं तर बॉक्स झिजलाय. तो खोलावाच लागेल.

कॉलमचा वरचा बुश मी मुद्दाम पुन्हा काढतो, कारण हॉर्नची वाट तिथूनच जाते. हॉर्नचं बटण बहुधा फक्त अर्थ देतं. स्टिअरिंगखालच्या रिंगवर टेकलेल्या कॉन्टॅक्टमधून तो पुढे जातो. बुश झिजला की शाफ्ट डगमगतो आणि कॉन्टॅक्ट रिंगवरून उठतो. वळणावर हॉर्न तुटक वाजत असेल तर आधी बुश बदला, रिंग बारीक पॉलिश पेपरनं साफ करा. त्यापूर्वी बॅटरीची अर्थ केबल सोडवायला विसरू नका.

सरळ चालतानाही आवाज मंद असेल तर बॅटरीच्या दोन टोकांवरून फ्यूज लावलेल्या दोन जाड वायर थेट हॉर्नला लावा. खणखणीत वाजला तर हॉर्न निर्दोष, चोर वाटेत आहे. बारा व्होल्टवर दोन हॉर्न मिळून साधारण १० अँपिअर ओढतात. गंजलेल्या जोडांचा रोध सगळा मिळून ०.२ ओम भरला तरी २ व्होल्ट वाटेतच जातात, आणि १० व्होल्टवर हॉर्न कण्हतो. हॉर्नच्या बोल्टखालचा रंग खरवडून पत्रा उघडा करा. हॉर्नचा सगळा करंट बटणातून जात असेल तर रिले बसवा: ३० नंबरला बॅटरीपासून फ्यूजमार्गे जाड वायर, ८७ वरून हॉर्न, ८६ला पॉझिटिव्ह, ८५ बटणाला. मग बटणाच्या वाटेनं फक्त रिलेच्या कॉइलचा किरकोळ करंट जातो.

हॉर्न आपल्या लवचीक पट्टीवर मोकळा हवा. पत्र्याला टेकला की आवाज दबतो. तोंड खाली ठेवा, पाणी साचत नाही. मागचा स्क्रू पाव-पाव फेऱ्यानंच फिरवा. जास्त आवळलात तर आतले पॉइंट जळतात. एवढं करूनही तो घरघरला तरच नवा घ्या, आणि घेताना साधाच घ्या. अनेक सुरांचे हॉर्न ११९व्या नियमानं बंद आहेत, आणि आठ वर्षांवरच्या मालवाहू गाडीला पासिंगला दरवर्षी जावं लागतं.