सीडीवांचून लॅपटॉप जागा कसा करावा

लॅपटॉपची कळ दाबावी, पंखा घोंघावूं लागावा, कंपनीचें बोधचिन्ह क्षणभर दिसावें आणि पुढें कांहींच घडूं नये, हा अनुभव हल्लीं पुष्कळ घरांस येतो. मुलाचा प्रकल्प, वडिलांचे हिशेब, ताईच्या लग्नाचीं छायाचित्रें, हें सर्व त्या काळ्या पडद्यामागें अडकून बसतें. दुरुस्तीच्या दुकानांत नेल्यास बहुधा एकच उत्तर मिळतें, "फॉरमॅट करावा लागेल." मग घरांत विंडोजच्या मूळ सीडीचा शोध सुरू होतो. ती लॅपटॉपबरोबर आलेलीच नसते. किंबहुना नव्या लॅपटॉपांपैकीं बहुतेकांत सीडी घालण्याची जागाही नसते. एखाद्या कपाटांत जपून ठेवलेली सीडी सांपडलीच, तर ती विंडोज एक्सपीची निघते! अशा वेळीं सीडीवांचून काय करतां येतें, हें आम्ही येथें सांगूं इच्छितों.

यंत्र सुरू होत नाहीं, याचा अर्थ त्यांतील मजकूर नष्ट झाला असा होत नाहीं. कळ दाबल्याबरोबर जी जागी होते ती विंडोज नव्हे, तर मदरबोर्डवरील एका चिपेंत साठविलेली लहानशी आज्ञावली होय. तिला यूईएफआय म्हणतात. जुन्या यंत्रांत तिच्या जागीं बायॉस असे. ती स्मृति, कळफलक, डिस्क इत्यादि तपासते आणि डिस्कच्या एका छोट्या विभागांत ठेवलेला आरंभ करून देणारा कार्यक्रम शोधते. तो कार्यक्रम विंडोजचा गाभा स्मृतींत आणतो, आणि मग कोठें आपल्या ओळखीचा पडदा दिसतो. या साखळींतील एक कडी तुटली तरी सर्व थांबतें. परंतु आपल्या फायली या साखळींत नसतातच. वाड्याच्या दिंडीदरवाजाचें कुलूप बिघडलें म्हणून माजघरांतील पेटी रिकामी होत नाहीं.

याचें ठळक उदाहरण जगानें नुकतेंच पाहिलें आहे. ता. १९ जुलै २०२४ रोजीं क्राउडस्ट्राइक या अमेरिकन कंपनीनें आपल्या संरक्षक सॉफ्टवेअरची एक सदोष फाइल ग्राहकांकडे धाडली. ती मागें घेण्यास ७८ मिनिटें लागलीं. तेवढ्यांत, मायक्रोसॉफ्टच्या अंदाजाप्रमाणें, सुमारें ८५ लक्ष विंडोज यंत्रें निळा पडदा दाखवून बंद पडलीं. विमानें खोळंबलीं, इस्पितळांचीं कामें अडलीं, आणि आपल्या देशांतही कांहीं विमान-प्रवाशांस हातानें लिहिलेले बोर्डिंग पास देण्याची पाळी आली. दोष होता तो एका फायलींत. यंत्र 'सेफ मोड' मध्यें नेऊन ती एक फाइल पुसली कीं बहुधा काम भागत असे. विंडोज नव्यानें बसविण्याचें कारणच नव्हतें.

आतां प्रत्यक्ष कृतीकडे वळूं. प्रथम पेनड्राइव्ह, मेमरी कार्ड, प्रिंटर वगैरे जोडलेलें सर्व काढावें. विसरलेल्या पेनड्राइव्हमधूनच सुरू होण्याची खटपट करीत यंत्र अडून बसल्याचीं उदाहरणें थोडीं नाहींत. चार्जर काढून, कळ सुमारें अर्धा मिनिट दाबून धरावी व चार्जर लावून पुन्हा पाहावें. जुन्या, फिरत्या डिस्कमधून 'टक् टक्' असा आवाज येत असेल, तर मात्र तत्काळ थांबावें. तो आवाज डिस्क मरणपंथास लागल्याचें चिन्ह आहे. अशा डिस्कवर दुरुस्तीचे प्रयोग जितके करावे तितका मजकूर हातचा जातो. ती जाणत्याकडेच द्यावी.

आवाज नसेल, तर विंडोजमध्येंच दडलेली एक सोय उपयोगी पडते. डिस्कच्या निराळ्या विभागांत एक छोटी दुरुस्तिशाळाच असते. विंडोज लागोपाठ दोनतीन वेळां सुरू होतां होतां अडलें, तर ती आपोआप उघडते. न उघडल्यास बोधचिन्ह दिसूं लागतांच कळ दहा सेकंद दाबून यंत्र बंद करावें. असें दोनतीन वेळां केल्यास ती येते. तेथें 'ट्रबलशूट' व पुढें 'अ‍ॅडव्हान्स्ड ऑप्शन्स' मध्यें जावें. 'स्टार्टअप रिपेअर' आधीं करून पाहावें. बिघाड नव्या अपडेटनंतर झाला असेल तर 'अनइन्स्टॉल अपडेट्स' घ्यावें. 'सिस्टिम रिस्टोअर' यंत्राची मांडणी मागील एखाद्या तारखेस नेतें; आपल्या लेखनास त्यानें धक्का लागत नाहीं.

यानें काम न झाल्यास पुढील पाऊल टाकण्यापूर्वीं फायली बाहेर काढाव्या. दुकानदार व उतावळे विद्यार्थी दोघेही नेमकें हेंच विसरतात. उबुंटु ही विनामूल्य लिनक्स प्रणाली २००४ पासून प्रसिद्ध होत आहे. शेजाऱ्याच्या किंवा शाळेच्या संगणकावर ती उतरवून १६ जीबीच्या रिकाम्या पेनड्राइव्हवर रूफस या साधनानें चढवावी. पेनड्राइव्ह लावून लॅपटॉप सुरू करतांना डेल व लेनोव्होच्या यंत्रांत बहुधा एफ १२, एचपीच्या यंत्रांत एफ ९ ही कळ दाबली कीं कोठून सुरू व्हावें असें यंत्र विचारतें. उबुंटु येतांच 'ट्राय' हा पर्याय घ्यावा, 'इन्स्टॉल' कदापि नव्हे, कारण दुसऱ्यानें डिस्क पुसली जाऊं शकते. मग आपली डिस्क उघडून फायली दुसऱ्या पेनड्राइव्हवर उतरवाव्या. कधीं कधीं डिस्क केवळ वाचण्यापुरती उघडते. नक्कल घेण्यास तेवढें पुरे.

येथें एक अडसर येऊं शकतो. पुष्कळ नव्या लॅपटॉपांतील डिस्क बिटलॉकरनें कुलुपबंद असते, आणि मालकास त्याचा पत्ताही नसतो. ती उघडण्यास ४८ अंकी किल्ली लागते. २०२४ च्या त्या गोंधळांतही पुष्कळ ठिकाणीं याच किल्लीपायीं खोळंबा झाला. घरगुती यंत्राची किल्ली बहुधा मालकाच्या मायक्रोसॉफ्ट खात्यांत असते व ती मोबाइलवरूनही पाहतां येते. पालकांनीं यंत्र चालू असतांनाच ती कागदावर उतरून घ्यावी; लॅपटॉपमध्यें साठविली तर किल्ली पेटींत ठेवून पेटी लावल्यासारखें होईल.

फायली हातीं आल्यावर मात्र निर्धास्तपणें विंडोज पुन्हा बसवावें. त्या दुरुस्तिशाळेंतील 'रीसेट धिस पीसी' मध्यें 'कीप माय फाइल्स' घेतल्यास फायली राहतात, पण बसविलेले कार्यक्रम जातात. 'रिमूव्ह एव्हरीथिंग' नांवाप्रमाणें सर्वच नेतें. 'क्लाउड डाउनलोड' घेतल्यास विंडोज इंटरनेटवरून येतें; त्यास ४ जीबीहून अधिक डेटा लागतो. दुरुस्तिशाळाच उघडत नसेल, तर दुसऱ्या विंडोज संगणकावर मायक्रोसॉफ्टचें मीडिया क्रिएशन टूल घेऊन ८ जीबीच्या पेनड्राइव्हवर विंडोज चढवितां येतें. त्यास पैसे पडत नाहींत. विंडोज ८ पासून, म्हणजे २०१२ पासून, विंडोजसह विकलेल्या बहुतेक लॅपटॉपांचा परवाना-क्रमांक मदरबोर्डवरील चिपेंतच असतो. तो शोधण्यासाठीं खोकें धुंडाळावें लागत नाहीं. विंडोज १० चा सामान्य आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजीं संपला असल्यामुळें, यंत्रास झेपत असेल तर ११ बसवावें. झेपत नसेल तर ज्या उबुंटुनें फायली सोडविल्या तिलाच त्या जुन्या लॅपटॉपमध्यें कायमचें घर द्यावें.