काटक अंगाला शुगर होत नाही?

सातारा-सांगलीकडं गावात आरोग्य शिबिर लागलं की रांगेत दोन गडी हमखास दिसतात. एक काटकुळा. हातापायाच्या काड्या, गालफडं बसलेली आणि सदऱ्याखाली नारळाएवढं पोट. तो सिस्टरला म्हणतो, "मला नका टोचू ताई. वाताचं अंग आपलं. शुगर जाड्यांना होते." त्याच्या मागं एके काळी तालीम गाजवलेला भरदार गडी. रक्तदाब वाढलेला निघाला तरी तो हसून म्हणतो, "आपली कफाची प्रकृती. वजन असायचंच."

एकानं प्रकृतीचं नाव सांगून तपासणी टाळली, दुसऱ्यानं तेच सांगून पथ्य टाळलं. प्रकृतीचा विचार मुळात असा पळवाट म्हणून सांगितलेला नाही. म्हणून हे गैरसमज एकेक करून सोडवू.

गैरसमज १ : शरीराचे प्रकार पाडणं हे फक्त आपल्या आयुर्वेदातच आहे.

वस्तुस्थिती : कोरियात 'सासांग' नावाची पद्धत आजही चालते. ली जे-मा (१८३७–१९००) या वैद्यानं ती मांडली आणि १८९४ साली त्यावरचा ग्रंथ लिहिला. आपल्याकडं तीन दोष, तर त्याच्याकडं माणसांचे चार प्रकार : तेयांगिन, तेउमिन, सोयांगिन आणि सोउमिन. कोणत्या अवयवाचं बळ जास्त आणि कोणत्याचं कमी, यावर त्याची विभागणी. तेउमिन म्हणजे यकृत बलवान आणि फुप्फुसं दुबळी. अंगानं भरदार, खाण्यापिण्याची आवड असलेला असा हा माणूस आपल्या कफ प्रकृतीच्या वर्णनाजवळ जातो.

कोरियन संशोधकांनी हे प्रकार आधुनिक तपासण्यांशी ताडून पाहिले. तेउमिन गटात मधुमेह, उच्च रक्तदाब आणि चयापचयाचे बिघाड जास्त आढळले. पण इथं एक गोम आहे. माणूस तेउमिन ठरवताना त्याची अंगकाठी बघितलीच जाते. मग भरदार माणसांच्या गटात वजनाचे आजार जास्त निघाले, यात नवल कसलं? काही अभ्यासांत वजनाचा हिशेब वेगळा काढल्यावरही थोडा फरक उरला, म्हणून हा विषय सोडून देण्यासारखा नाही. मात्र गटाचा धोका म्हणजे त्या गटातल्या प्रत्येकाचं भविष्य नव्हे.

गैरसमज २ : कफ प्रकृती म्हणजे रोगट, तिच्या नशिबी शुगर ठरलेलीच.

वस्तुस्थिती : चरकसंहितेत कफ प्रकृतीचा माणूस बलवान, शांत आणि दीर्घायुषी म्हटला आहे. प्रकृती ही जन्माची ठेवण. तिच्यातला बिघाड ही विकृती. दोन्ही शब्द ग्रंथात वेगळे आहेत, बोलण्यात मात्र आपण त्यांची खिचडी करतो.

आपल्या भागात हा फरक तालमीत बघायला मिळतो. पैलवान दिवसाला शेकड्यांनी जोर-बैठका मारतो, तेव्हा दूध, तूप, बदामाची थंडाई अंगी लागते. लग्न होतं, नोकरी लागते, तालीम सुटते. खुराक मात्र सुटत नाही. पाच-दहा वर्षांत छातीचा घेर पोटावर उतरतो. प्रकृती तीच असते, बदललेला असतो तो दिवसभराचा घाम. आणि ताकद म्हणजे वजन, असंही नाही. कराडजवळच्या गोळेश्वरच्या खाशाबा जाधवांनी १९५२ साली हेलसिंकीला ऑलिंपिकचं कांस्यपदक आणलं, ते हलक्या, बँटमवेट गटात.

गैरसमज ३ : बारीक माणसाला धोका नाही.

वस्तुस्थिती : हा सगळ्यात महागात पडणारा गैरसमज. आयुर्वेदाचाही त्याला आधार नाही. चरकानं प्रमेहाचे, म्हणजे मधुमेह ज्यात मोडतो त्या विकाराचे, रोगी दोन तऱ्हेचे सांगितलेत, एक स्थूल नि बलवान, दुसरा कृश नि दुबळा. दोघांची चिकित्साही वेगळी. प्रमेहाच्या वीस प्रकारांपैकी दहा कफाचे, सहा पित्ताचे आणि चार वाताचे. म्हणजे 'वाताचं अंग' असणाऱ्याला ग्रंथातही सूट मिळालेली नाही.

याचा आजचा पुरावा तर शेजारच्या पुण्यातच उभा राहिला. केईएम रुग्णालयाचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे डॉ. जॉन युडकिन यांनी २००४ साली 'लॅन्सेट'मध्ये स्वतःचेच आकडे छापले. दोघांचा बीएमआय, म्हणजे उंचीच्या मानानं वजनाचा निर्देशांक, एकच : २२.३. शरीरातली चरबी मात्र युडकिन यांची ९.१ टक्के, तर याज्ञिक यांची २१.२ टक्के. उंचीच्या मानानं वजन सारखंच होतं; एकात ते स्नायूंचं होतं, दुसऱ्यात चरबीचं जास्त.

हे जन्मापासूनच सुरू होतं. पुणे जिल्ह्यातल्या सहा खेड्यांत १९९३ पासून गरोदर बायका आणि त्यांच्या मुलांचा अभ्यास सुरू झाला. तिथली बाळं सरासरी २.७ किलोची, तर इंग्लंडमधल्या साउदम्प्टनची ३.५ किलोची. आपली बाळं वजनाला, स्नायूंना कमी भरली. पण पाठीच्या कातडीखालची चरबी त्या मानानं फारशी घटलेली नव्हती. बारीक दिसणारं आणि तरी मेदाळ असं हे शरीर. आईचं उपाशीपण, राबणं आणि अपुरं पोषण बाळाच्या देहात असं उतरतं. माण, खटाव, जत, आटपाडीसारख्या दुष्काळी मुलखातल्या घरांना हे वेगळं समजावून सांगायला नको. दुष्काळात जन्मलेलं शरीर पुढं हातात चार पैसे, दारात मोटारसायकल आणि ताटात भरपूर भात आल्यावर गडबडतं. म्हणूनच आशियाई लोकांसाठी बीएमआयची धोक्याची रेघ २५ वरून २३ वर आणली गेली.

गैरसमज ४ : प्रकृती विज्ञानानं सिद्ध झाली आहे. (किंवा : ते सगळं थोतांड आहे.)

वस्तुस्थिती : दोन्ही वाक्यं घाईची. दिल्लीच्या जनुकशास्त्र संस्थेतल्या संशोधकांनी २००८ साली ठळक वात, पित्त, कफ प्रकृतीच्या निरोगी लोकांची तुलना केली. कफ प्रकृतीच्या पुरुषांत ट्रायग्लिसराइड आणि कोलेस्टेरॉल जास्त दिसलं. मात्र तपासलेली माणसं शंभराच्या आतच होती. २०१५ साली आलेल्या मोठ्या अभ्यासात तीन हजारांवर पुरुषांची प्रकृती तपासली, तेव्हा ठळक एका प्रकृतीची माणसं थोडीच निघाली. बहुतेक आपण मिश्र.

शिवाय एकाच माणसाची प्रकृती वेगवेगळ्या वैद्यांनी पाहिली तर निदान दर वेळी जुळतंच असं नाही. नोव्हेंबर २०२४ मध्ये देशभर प्रकृती परीक्षणाची मोहीम सुरू झाली आणि एक कोटीहून जास्त लोकांची प्रकृती मोबाइलवरच्या प्रश्नांतून नोंदवली गेली. ते प्रमाणपत्र फोनमध्ये जरूर ठेवा, पण त्याला रक्ताचा रिपोर्ट समजू नका.

गैरसमज ५ : साखर वाईट, गूळ नैसर्गिक, तो चालतो.

वस्तुस्थिती : सांगलीची गुळाची पेठ मोठी, म्हणून हा समजही इथं पक्का. गुळात थोडी खनिजं असतात हे खरं, पण त्याचा मोठा भाग साखरच. रक्तातली शुगर वाढवताना तो दयामाया दाखवत नाही. गंमत म्हणजे प्रमेह कशानं होतो, त्या यादीत चरकानं आरामाची बैठक, जादा झोप, दही, नवं धान्य यांच्या जोडीला गुळाचे पदार्थही घातलेत. आणि पथ्य सांगितलंय ते जवाचं आणि व्यायामाचं.

गैरसमज ६ : प्रकृतीप्रमाणे काढा सुरू केला की गोळी बंद करता येते.

वस्तुस्थिती : गोळी किंवा इन्सुलिन स्वतःच्या मनानं थांबवणं जिवावर बेतू शकतं. टाइप १ मधुमेहात तर काही दिवसांतच. साताऱ्याच्या जुन्या आयुर्वेद महाविद्यालयाच्या नावातच 'आर्यांग्ल' आहे : आर्य आणि आंग्ल. दोन्ही वैद्यकं एका छपराखाली नांदावीत, हा विचार या मातीत नवा नाही. वैद्याकडं जरूर जा. मात्र चालू असलेल्या गोळ्या त्यांना सांगा आणि चालू असलेला काढा डॉक्टरांना सांगा.

मग बघायचं काय?

शिवणकामाची टेप घ्या. शेवटची बरगडी आणि कमरेचं हाड, यांच्या मधोमध ती आडवी धरा. पोट आत ओढू नका. सहज श्वास सोडा आणि आकडा बघा. पुरुषांत ९० सेंटिमीटर, बायकांत ८० च्या वर गेला तर सावध. "माझी बत्तिसाची पँट अजून बसते" याला अर्थ नाही, कारण ती पोटाखाली बसते.

बाकीचे चार आकडे प्रयोगशाळेतून आणि दवाखान्यातून येतील : रक्तदाब १३०/८५ च्या वर, उपाशीपोटी साखर १०० च्या वर, ट्रायग्लिसराइड १५० च्या वर आणि चांगलं कोलेस्टेरॉल पुरुषांत ४० च्या, बायकांत ५० च्या खाली. या पाचांतले तीन बिघडले की चयापचय रुळावरून घसरलं समजा. उपाशीपोटी साखर १२६ किंवा जास्त निघाली आणि पुन्हा तपासल्यावरही तशीच आली, तर तो मधुमेह. २०२३ साली आलेल्या देशव्यापी पाहणीनुसार भारतात मधुमेहाचे १०.१ कोटी लोक आहेत आणि आणखी १३.६ कोटी उंबरठ्यावर. त्यात बारीकही आहेत आणि जाडही.

प्रकृती तुमच्या शरीराची ओळख सांगत असेल, पण त्याचा आजचा हिशेब टेप आणि सुईच मांडते. म्हणून पुढच्या शिबिरात त्या काटकुळ्या गड्यानं बोट पुढं करावं. आणि मागच्या पैलवानानं घरी गेल्यावर थंडाईचा पेला निम्मा करून जोर-बैठका पुन्हा सुरू कराव्यात. पहिल्या दिवशी दहा झाल्या तरी पुष्कळ.