हजेरीपट आणि धावफलक

एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस पुण्यात युरोपियनांच्या क्लबात बाळू पालवणकर महिना चार रुपयांवर राबत होते. खेळपट्टी लोटायची, जाळी बांधायची आणि सरावाला साहेबांना तासन्‌तास चेंडू टाकायचे. फलंदाजी साहेबांची, गोलंदाजी बाळूंची. पुढे १९११च्या इंग्लंड दौऱ्यात चर्मकार समाजातल्या या डावखुऱ्या फिरकीपटूने ११४ बळी घेतले. मुंबईत त्यांना रेल्वेत नोकरी मिळाली, तीही चेंडूच्याच बळावर.

खेळून पोट भरायचे कसे, हा प्रश्न कसोटी दर्जा मिळाल्यावरही सुटला नाही. १९५२च्या इंग्लंड दौऱ्यासाठी विनू मंकड यांनी संघातल्या जागेची हमी मागितली. भारतीय क्रिकेट मंडळाने ती नाकारली, म्हणून मंकड यांनी लँकेशायर लीगमधल्या हॅसलिंग्डनचा करार पत्करला. हेडिंग्लेच्या पहिल्या कसोटीत दुसऱ्या डावात भारताची शून्य धावांवर चार बाद अशी अवस्था झाली आणि मंकड यांच्यासाठी धावाधाव सुरू झाली. लॉर्ड्सवर त्यांनी ७२ आणि १८४ धावा केल्या, शिवाय ९७ षटके टाकली.

परदेशात लीग खेळणे सगळ्यांच्या नशिबी नव्हते. मुंबईने त्यावर आपला तोडगा काढला: ऑफिस क्रिकेट. एसीसी, टाटा, मफतलाल, निर्लॉन, स्टेट बँक, रेल्वे अशा आस्थापनांनी क्रिकेटपटूंना पगारावर ठेवले. टाइम्स शील्डमध्ये कंपनीसाठी खेळायचे, एरवी मस्टरवर सही करून टेबल सांभाळायचे. १९६४ साली मद्रासला ३२ षटकांत अवघ्या पाच धावा देणारे बापू नाडकर्णी एसीसीचे, तर सुनील गावसकर निर्लॉनचे. १९७१मध्ये वेस्ट इंडीज आणि इंग्लंड या दोघांना त्यांच्याच घरी हरवणारे कर्णधार अजित वाडेकर स्टेट बँकेत अधिकारी होते. प्रशिक्षक म्हणून गाजलेले रमाकांत आचरेकर आयुष्यात एकच प्रथम श्रेणी सामना खेळले, १९६३-६४च्या हंगामात, तोही स्टेट बँकेकडूनच.

या व्यवस्थेत श्रीमंती नव्हती, पण महिन्याचा पगार होता. मध्यमवर्गीय घरातला मुलगा ‘क्रिकेट खेळून काय करणार?’ या वडिलांच्या प्रश्नाला नियुक्तीपत्र दाखवू शकत होता.

पैसा किती तोकडा होता, ते १९८३ने दाखवले. विश्वचषक जिंकून आलेल्या खेळाडूंना बक्षीस द्यायला मंडळाच्या तिजोरीत रक्कम नव्हती. लता मंगेशकर दिल्लीत गायल्या, आणि त्या कार्यक्रमाच्या उत्पन्नातून प्रत्येकाच्या हाती एक लाख रुपये पडले. त्याच संघातल्या संदीप पाटील यांनी मैदानाबाहेर हरतऱ्हेचे डाव मांडले. ‘कभी अजनबी थे’मध्ये नायक झाले, ‘एकच षटकार’चे संपादन केले, केनियाला २००३च्या विश्वचषकात उपांत्य फेरीपर्यंत नेले आणि पुढे राष्ट्रीय निवड समितीचे अध्यक्षही झाले.

महिला क्रिकेटपटूंना आस्थापनांतली ही नोकरी पुरुषांहूनही मोलाची होती, कारण त्यांना सामन्याचे मानधनही नावापुरतेच मिळे. डायना एडुलजी पश्चिम रेल्वेत होत्या. हरमनप्रीत कौरही २०१४मध्ये तिथेच रुजू झाली. २०२२मध्ये मंडळाने आंतरराष्ट्रीय सामन्यांचे मानधन स्त्री-पुरुषांना समान केले. पुढच्याच वर्षी सांगलीच्या स्मृती मानधनावर महिला प्रीमियर लीगच्या लिलावात ३ कोटी ४० लाखांची बोली लागली.

रणजीपटूचा हिशेब मात्र वेगळा आहे. २०२१च्या दरांनुसार चाळीसहून अधिक सामने खेळलेल्याला दिवसाला ६० हजार मिळतात. सातही साखळी सामने खेळला, तर हंगामाचे सुमारे १७ लाख होतात. नवख्याचे ११ लाख. दुखापत झाली किंवा संघातून वगळले, की मीटर बंद. पूर्वी अशा वेळी ऑफिसचा पगार चालू राहत असे. खासगी कंपन्यांनी ही भरती आखडती घेतल्यावर तो आधार गेला.

अमोल मुजुमदारने पदार्पणातच २६० धावा ठोकल्या, प्रथम श्रेणीत ११ हजारांवर धावा केल्या, पण भारताची टोपी त्याला मिळाली नाही. २ नोव्हेंबर २०२५ रोजी नवी मुंबईत भारतीय महिलांनी विश्वचषक जिंकला, तेव्हा मुख्य प्रशिक्षक तोच होता. निवृत्त रणजीपटू आता याच वाटेने काम शोधतात. पूर्वी जे कंपनीचा कार्मिक विभाग देत असे, ते आज राज्य संघटना, आयपीएल संघ आणि खासगी अकादम्यांकडे मागावे लागते, आणि तेही बहुधा ठरावीक मुदतीच्या करारावर.